पावसाळा आला की कुत्र्याची खाज आणि वास परत का येतो? यीस्टचा बंदोबस्त

जून अर्धा झाला की गोव्यातल्या आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एकाच चालीचे फोन सुरू होतात. "दोतोर, परत तेंच सुरू जालां." गेल्या वर्षी शाम्पू झाला, गोळ्या झाल्या, दिवाळीला कुत्रा छान दिसत होता. आता पुन्हा रात्रभर पंजे चाटतोय, कान झटकतोय, गळ्याखालचे केस गेलेत, आणि जवळ घेतला की खवट वास. पुढचा प्रश्न ठरलेला: "या वेळी जास्त स्ट्राँग औषध देता का?"

औषध जोरदार करण्याआधी मी दोन गोष्टी विचारते. गेल्या वर्षी ते यीस्टच होतं हे कुणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं का? आणि पाहिलं असेल, तर ते वाढलं कशामुळे याचा शोध कुणी घेतला का? पहिल्याचं उत्तर बहुधा "नाही" असतं आणि दुसऱ्याचं त्याहून ठाम "नाही". म्हणून हे लिहायला घेतलं.

हे बाहेरून आलेलं नाही

हे यीस्ट म्हणजे मॅलॅसेझिया पॅकिडर्माटिस नावाची बुरशी. ती ठणठणीत कुत्र्याच्या अंगावरही राहते: कानात, ओठांच्या कडेला, बोटांच्या बेचक्यात, गुदद्वाराभोवती. १९२५ साली तिचं पहिलं वर्णन झालं ते एका गेंड्याच्या सोलवटलेल्या कातडीवरून, पण कुत्र्यांचा आणि तिचा सहवास त्याहून कितीतरी जुना असणार. त्यामुळे शेजारच्या भटक्या कुत्र्याकडून "लागलं" असं समजून त्याला दगड मारण्यात अर्थ नाही.

या बुरशीला स्वतःची फॅटी ॲसिडं तयार करता येत नाहीत, ती त्वचेवरच्या तेलावर जगते. त्वचा तेलकट झाली, ओली राहिली, घड्यांमध्ये हवा लागेनाशी झाली, किंवा ॲलर्जीमुळे त्वचेचा बांध फुटला, की तिची संख्या भराभर वाढते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. जिथे दोरीवरचा टॉवेल तीन दिवस सुकत नाही, तिथे कॉकर स्पॅनियलचा कान कसा सुकणार?

इथेच दोन समज निकालात काढू. पहिला म्हणजे भात आणि पोळी बंद करा, साखर यीस्टला पोसते. ही बुरशी साखर आंबवत नाही. पावाचं यीस्ट वेगळं, हे वेगळं. उकड्या तांदळाचा भात बंद करून त्वचेवर काही फरक पडत नाही, कुत्रा फक्त उपाशी राहतो. दुसरा समज खोबरेल तेलाचा. आमच्याकडे खोबरेल सगळ्यावर चालतं, जखमेवर, केसांवर, लाकडी दारावरसुद्धा. पण तेलावर जगणाऱ्या बुरशीला रोज सकाळी तेल चोळून द्यायचं म्हणजे तिला पंगतीला बसवण्यासारखं आहे. दोन दिवस त्वचा मऊ वाटते, मग वास वाढतो.

आधी खात्री: यीस्टच आहे ना?

घरी बघता येण्यासारखं बरंच असतं. पंजा उलटा करून बोटं फाकवा. बेचक्यात लाली, चिकटपणा, नखांच्या मुळाशी तपकिरी थर आणि पांढऱ्या कुत्र्याचे पंजे गंजल्यासारखे लालसर दिसत असतील तर तो सतत चाटतोय. लालसर रंग लाळेचा असतो, बुरशीचा नव्हे. मग काखा, जांघा, गळ्याची खालची बाजू, शेपटीखालचा भाग पाहा. जुन्या दुखण्यात त्वचा जाड, राखाडी-काळी आणि सुरकुतलेली होते. कानात चॉकलेटी रंगाचा मेणचट मळ आणि आंबूस वास हे नेहमीचं.

एवढं असलं तरी निदान झालं असं मी म्हणत नाही. जिवाणूंच्या संसर्गात पुटकुळ्या आणि गोल कडांचे पापुद्रे दिसतात, आणि तो यीस्टसोबतच असण्याची शक्यता भरपूर. डेमोडेक्सच्या किड्यांनी केस जातात, खरजेच्या किड्यांनी कानाची कड आणि कोपरं सोलवटतात, गजकर्णात गोल चट्टे पडतात. गोचीड तर आपल्याकडे बारा महिने. खाज या सगळ्यांत असू शकते.

म्हणून काचपट्टी. यासाठी लॅबला नमुना पाठवून आठवडाभर थांबावं लागत नाही. तेलकट जागेवर पारदर्शक चिकटपट्टी दोन-चार वेळा दाबायची, ती रंगवून काचेवर लावायची, आणि तेल टाकून हजारपट मोठं करून पाहायचं. पंजाच्या बेचक्यातून आणि नखाच्या मुळातून खरवडूनही घेता येतं. कानातला मळ कापसाच्या काडीनं घेऊन काचेवर फिरवायचा. यीस्ट असेल तर जांभळट, कमरेत आवळलेल्या शेंगदाण्याच्या आकाराच्या पेशी दिसतात, काही एका टोकाला कोंब फुटलेल्या. शेजारी गोल जिवाणू आणि पांढऱ्या पेशी दिसल्या तर जिवाणूंचाही उपचार करावा लागतो. किड्यांचा संशय असेल तर त्याच बैठकीत त्वचा खरवडून पाहायची. चिकटपट्टी रंगवताना दवाखान्यातल्या मदतनिसांसाठी एक टीप: पहिल्या, अल्कोहोलच्या भांड्यात ती बुडवू नका, गोंद विरघळून सगळं धूसर दिसतं.

किती पेशी म्हणजे "जास्त"? ठरावीक आकडा नाही. काही कुत्र्यांना यीस्टचीच ॲलर्जी असते, त्यांच्यात मोजक्या पेशीही प्रचंड खाज आणतात. पेशी दिसतायत, त्वचा तशी दिसतेय, आणि बुरशीच्या औषधानं आराम पडतोय, या तिन्ही गोष्टी जुळल्या की निदान पक्कं. कल्चर मी सहसा मागवत नाही. ही बुरशी निरोगी कुत्र्यावरही उगवते, त्यामुळे अहवालात "आढळली" लिहून आलं तरी त्यातून काही कळत नाही.

तुमच्या डॉक्टरांनी काचपट्टी केली नसेल तर तसं सरळ विचारा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात असो की खाजगी, हा दहा-पंधरा मिनिटांचा मामला आहे. आणि जाण्याआधी आंघोळ घालून, पावडर लावून, सुगंधी करून नेऊ नका. मला वासच हवा असतो.

शाम्पू: औषध बरोबर, पद्धत चुकते

यीस्टवर सगळ्यात भरवशाचा उपाय अजूनही आंघोळच आहे. २ टक्के मायकोनाझोल आणि २ टक्के क्लोरहेक्सिडीन एकत्र असलेला शाम्पू, आठवड्यातून दोनदा, किमान तीन आठवडे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पशुत्वचातज्ज्ञांच्या जागतिक मार्गदर्शिकेत सगळ्यात भक्कम पुरावा याच उपायाला आहे. तो मिळाला नाही तर ३ टक्के क्लोरहेक्सिडीनचा शाम्पूही चालतो. बाटलीवर घटक आणि टक्केवारी वाचा. "अँटिफंगल" असं ठळक छापलेल्या आणि आत नुसता कडुनिंब-कोरफड असलेल्या बाटल्या बाजारात खूप आहेत. त्यांनी कुत्रा सुवासिक होतो, एवढंच.

आता पद्धत. दहा मिनिटं म्हणजे घड्याळातली दहा मिनिटं. मालक शपथेवर दहा सांगतात, आणि विचारलं तर निघतं की नळाखाली फेस केला आणि बादली ओतली. औषध त्वचेवर राहिलंच नाही तर मरणार काय? मी सांगते ते असं: कुत्रा फार तेलकट असेल तर आधी साध्या शाम्पूनं एकदा तेल काढा. मग औषधी शाम्पू सगळ्यात खराब जागांपासून सुरू करा, पंजे, काखा, जांघा, गळा, आणि शेवटी पाठ. पाठीवर पोचेपर्यंत पंज्यांची चार मिनिटं तशीच होतात. पाणी कोमट किंवा विहिरीचं गार. गरम पाण्यानं खाज भडकते. डोळ्यांत जाऊ देऊ नका, क्लोरहेक्सिडीननं बुबुळाला इजा होते. या वेळात कुत्रा चाटू लागतो, म्हणून कुणीतरी त्याच्याशी गप्पा मारत बसायचं. हे काम घरातल्या मुलांना आवडतं.

लांब केसांच्या शि-त्झूला आधी कातरून आणा, नाहीतर शाम्पू केसांतच राहतो. पण जर्मन शेफर्ड किंवा गोल्डन रिट्रीव्हरचं पूर्ण मुंडण करू नका, बाधित भागापुरते केस काढा.

आणि सुकवणं! माझ्या मते आपल्याकडे निम्मे उपचार इथे वाया जातात. ओला कुत्रा बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, गोणपाटावर जाऊन बसतो, ते गोणपाट मे महिन्यापासून सुकलेलं नसतं, आणि दोन तासांत आपण जिथून निघालो तिथेच परत. जाड टॉवेलनं टिपा, घासू नका. बोटांच्या बेचक्यात आणि कानाच्या पाळीखाली वेगळं फडकं घ्या. मग पंख्याखाली बसवा. ड्रायर वापरायचा तर गार हवेवर. गोणपाटाऐवजी जमिनीपासून उचललेली जाळीची खाट द्या. मिरामारला किंवा कोलव्याला समुद्रात खेळवून आणलं तर गोड्या पाण्यानं धुऊन पूर्ण सुकवायचं. खारं पाणी औषधी असतं ही समजूत या कुत्र्यांच्या बाबतीत विसरा.

रोजच्या फिरण्यानंतर तांबड्या चिखलाचे पंजे धुऊन, कोरडे करून, क्लोरहेक्सिडीनच्या पुसणीनं बेचक्या पुसल्या तर दोन आंघोळींच्या मधले दिवस सांभाळले जातात. व्हिनेगर फुटलेल्या त्वचेवर भयंकर झोंबतं. टी ट्री तेल कुत्र्यांना विषारी आहे, ते घरातच ठेवू नका. लादी पुसायचं जंतुनाशक पाण्यात घालून आंघोळ घालणारेही भेटतात, नको.

गोळ्या कधी

सगळं अंग भरलं असेल, त्वचा जाड झाली असेल, किंवा कुत्रा इतका मोठा आणि मालक इतके वयस्कर की आठवड्यातून दोन आंघोळी शक्य नाहीत, तेव्हा पोटातून औषध. केटोकोनाझोल किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम रोज, किंवा इट्राकोनाझोल किलोमागे ५ मिलिग्रॅम. इट्राकोनाझोल आठवड्यातून सलग दोन दिवस देऊन पाच दिवस सुट्टी, असं तीन आठवडेही देता येतं, खर्च वाचतो. दोन्ही जेवणाबरोबर द्यायची. भूक गेली, उलट्या झाल्या किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर लगेच थांबवून डॉक्टरांना फोन करायचा, कारण ताण यकृतावर येतो. गाभण कुत्रीला ही औषधं नकोत. आकडे इथे दिले ते चिठ्ठी समजावी म्हणून. औषधाच्या दुकानात जाऊन स्वतः घेण्यासाठी नाहीत.

दोन धोके मुद्दाम सांगते. खाजेसाठी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन टोचून घेण्याची पद्धत खेड्यापाड्यात अजून आहे. केटोकोनाझोल चालू असताना आयव्हरमेक्टिन मेंदूत जास्त पोचू शकतं आणि कुत्रा झोकांड्या खाऊ लागतो. आधी कुठलं इंजेक्शन झालं हे नव्या डॉक्टरांना सांगा, लपवू नका, कुणी रागावणार नाही. दुसरं ग्रिसिओफल्विन. गजकर्णावरचं हे जुनं औषध माणसांच्या दुकानात "बुरशीची गोळी" म्हणून हातात पडतं. यीस्टवर ते चालतच नाही. महिनाभर खाऊन गुण आला नाही म्हणजे बुरशी चिवट आहे असं नाही, गोळीच चुकीची आहे.

आणि ती तीन-चार औषधांची मिसळ असलेली मलमाची ट्यूब. त्यात बुरशीचं औषध असतं, प्रतिजैविक असतं आणि क्लोबेटासोलसारखं जबरदस्त स्टेरॉइड असतं. लावल्यावर रात्रीत लाली उतरते, म्हणून सगळ्यांना ती प्रिय. पुढे त्वचा कागदासारखी पातळ होते, संसर्ग दबून पसरतो, आणि कुत्रा ते चाटतो म्हणजे स्टेरॉइड पोटातही जातं. ही ट्यूब चालू असेल तर काचपट्टीवरही गोंधळ होतो. बंद करा.

परत का येतं, हे शोधायचं कसं

यीस्ट आटोक्यात आलं आणि खाज पूर्ण थांबली, एक गोष्ट. यीस्ट गेलं, काचपट्टी स्वच्छ आली, तरी कुत्रा खाजवतोय, ही वेगळी गोष्ट. दुसऱ्या प्रकारात खाली ॲलर्जी आहे असं मी धरून चालते. म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा दाखवायला बोलावते. आणि बरा वाटतोय म्हणून नेमकं तेव्हाच कुणी येत नाही.

वय पाहा. खाज सहा महिने ते तीन वर्षांच्या दरम्यान सुरू झाली असेल तर ॲटोपी, म्हणजे धुळीतले किडे, परागकण, बुरशीचे कण यांची ॲलर्जी, हा पहिला संशय. सात-आठ वर्षांचा होईपर्यंत कधी काही नव्हतं आणि अचानक सुरू झालं, तर हार्मोन तपासा. वजन वाढलंय, सुस्त झालाय, शेपटीचे केस गेलेत, तर थायरॉइड. पाणी खूप पितोय, घरात लघवी होतेय, पोट लोंबतंय, तर कुशिंग, म्हणजे अंगात कॉर्टिसोल हे हार्मोन जास्त होण्याचा आजार. आणि हे कुशिंग वर्षानुवर्षांच्या स्टेरॉइडनंही येतं. थायरॉइडची तपासणी कुत्रा स्टेरॉइडवर असताना किंवा फार आजारी असताना करू नका, आकडा खोटाच कमी येतो.

गोचीड-पिसवांचं औषध सगळ्या कुत्र्यांना आणि वर्षभर. फ्लुरालेनर, अफॉक्सोलेनर या गटातल्या गोळ्या खरजेच्या आणि डेमोडेक्सच्या किड्यांवरही चालतात, त्यामुळे दोन शंका एका गोळीत फिटतात. फिट येणाऱ्या कुत्र्याला देण्याआधी मात्र डॉक्टरांना सांगा.

अन्नाची ॲलर्जी रक्ताच्या तपासणीनं कळत नाही, ती आहारचाचणीनंच कळते, आणि गोव्यात इथेच मजा होते. परदेशी सल्ल्यांत लिहिलेलं असतं, चिकन बंद करून मासळीचं खाद्य द्या, कारण तिकडच्या कुत्र्यानं मासळी पाहिलेलीही नसते. आमचा कुत्रा पिल्लू असल्यापासून बांगड्याच्या डोक्यांवर वाढलेला! त्याला मासळी नवी नाही, चिकन नवं नाही, दूध नवं नाही. चाचणीला असं प्रथिन हवं जे त्यानं कधी खाल्लंच नाही. हायड्रोलाइज्ड, म्हणजे ॲलर्जी येऊ नये म्हणून बारीक तुकडे केलेल्या, प्रथिनांचं तयार खाद्य मिळतं, महाग आहे पण सोपं आहे. घरी करायचं तर बदक किंवा डुकराचं मांस. हिंदू घरात डुकराचं मांस सहसा शिजत नाही, त्यामुळे यजमान कचरतात, पण नेमकं म्हणूनच त्या घरातल्या कुत्र्याला ते नवं असतं. साधं, बिनमिठाचं, पूर्ण उकडलेलं, रताळ्याबरोबर. चोरीस, म्हणजे गोव्याचं मसालेदार डुकराचं सॉसेज, नव्हे. कांदा-लसूण तर मुळीच नको.

आठ आठवडे फक्त तेच. बिस्किट नाही, चवदार चघळायच्या गोळ्या नाहीत, शेजारच्या वहिनींनी प्रेमानं टाकलेला माशाचा काटाही नाही. म्हणून चाचणी चवथीवर, म्हणजे गणेशचतुर्थीवर, येऊ देऊ नका. घरात पाहुणे, खाली पडलेल्या नेवऱ्या, आणि प्रत्येक पोर कुत्र्याला काहीतरी भरवणार. आठ आठवड्यांची मेहनत एका दुपारी संपते. चाचणीत खाज थांबली तर जुनं खाद्य पुन्हा सुरू करून पाहायचं. दोन आठवड्यांत खाज परतली की गुन्हेगार सापडला. हा शेवटचा टप्पा कुणाला नको असतो, मला कळतं, पण त्याशिवाय खाद्यानं बरं झालं की पाऊस थांबल्यानं, हे सांगता येत नाही. घरचं खाणं कायम ठेवायचं असेल तर कॅल्शियमसकट आहार आखून घ्या, नुसत्या मांस-रताळ्यावर वर्ष काढता येत नाही.

ॲटोपी ठरली तर ती आयुष्यभराची. ओक्लासिटिनिबसारखी गोळी खाज थांबवते, पण यीस्ट मारत नाही. आधी संसर्ग आवरायचा, मग ती गोळी. आणि अशा कुत्र्याची आंघोळ मेच्या शेवटी, पाऊस यायच्या आधी, आठवड्याला एकदा सुरू करून ऑक्टोबरपर्यंत चालू ठेवायची. वास येण्याची वाट पाहायची नाही.

कान आणि घरातली माणसं

कानात थेंब टाकण्याआधी पडदा शाबूत आहे का ते डॉक्टरांनी पाहिलेलं असावं. पडदा फाटलेला असताना चुकीचं औषध गेलं तर बहिरेपणा येऊ शकतो. कापसाची काडी खोल घालू नका. एकच कान वारंवार बिघडत असेल तर आत गाठ किंवा कुसळ आहे का ते बघावं लागतं. दोन्ही बिघडत असतील तर बहुधा ॲलर्जीच.

घरच्यांना याची लागण व्हायची भीती सहसा नसते. पण १९९८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या एका नवजात अतिदक्षता विभागाची हकिकत आली होती. तिथे ही बुरशी कर्मचाऱ्यांच्या पाळीव कुत्र्यांवाटे त्यांच्या हातांवरून बाळांपर्यंत पोचली होती. घरात कमी दिवसांचं बाळ असेल किंवा कुणाची केमोथेरपी चालू असेल, तर कुत्र्याला औषध लावल्यावर हात साबणानं धुवा. कुत्र्याला घराबाहेर बांधायची गरज नाही.

तीन आठवडे सगळं नीट करूनही फरक नसेल

तर औषध बदलण्याआधी काचपट्टी पुन्हा. यीस्ट गेलेलं असेल आणि जिवाणू उरले असतील तर दिशा बदलते. यीस्ट तसंच असेल तर आंघोळीची दहा मिनिटं आणि गोळीबरोबरचं जेवण यांची उलटतपासणी मी करते, आणि बहुतेक वेळा तिथेच गळती सापडते. तीही नसेल, तर ॲझोल गटाच्या औषधांना (मायकोनाझोल, केटोकोनाझोल, इट्राकोनाझोल) दाद न देणारं यीस्ट कुत्र्यांमध्ये नोंदलं गेलेलं आहे. मग टर्बिनाफिनसारखं दुसऱ्या गटाचं औषध किंवा त्वचेच्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी. जाताना आधीच्या सगळ्या औषधांची पाकिटं, रिकामी झालेलीसुद्धा, पिशवीत घालून न्या, आणि त्वचेचे दर आठवड्याचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. काळेपणा सगळ्यात शेवटी जातो, त्याला महिने लागतात. तो अजून आहे म्हणून औषध लागू पडलं नाही असं धरू नका. खाज आणि वास किती उरलाय ते सांगा.